छायाचित्रातील मुलास काय वाटत असेल

खोली क्रमांक एकशे चौदामध्ये तिसऱ्या रांगेतील बाकाखाली एक कागद पडला होता. टोपलीत टाकण्यापूर्वी सवयीप्रमाणे मी तो उलटून पाहिला, तेव्हा त्यावर मी होतो. वय वर्षे नऊ. पांढरा सदरा, पाण्याने चापून बसवलेले केस, गळ्यात सुतळीने अडकवलेला पुठ्ठा आणि उजवा हात गळ्याशी गेलेला. पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरे होती, ‘मी आज स्पॅनिश बोललो’. चित्राखाली छापले होते, ‘अज्ञात विद्यार्थी, मेक्सिकन मुलांची शाळा, १९६२’. त्याच्याही खाली विद्यार्थ्यांसाठी प्रश्न होता: या मुलास काय वाटत असेल? चित्रातील पुराव्यांच्या आधारे पाच ओळी लिहा.

दुपारचे सव्वाचार वाजले होते. शाळा सुटून गेली होती आणि थंड हवेचे यंत्र रिकाम्या खोल्यांसाठीच घुमत होते. एकतीस वर्षे मी या शाळेत सफाई कामगार आहे. या खोलीतील बाके मी हजारो वेळा सरळ केली असतील, परंतु त्यांपैकी एकावरही कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. खुर्ची बाकालाच जोडलेली असते, आणि माझ्यासारख्या सहासष्ट वर्षांच्या माणसाचे पोट त्यात मावत नाही, म्हणून मी किंचित तिरका होऊन स्वतःकडे पाहू लागलो. हे छायाचित्र मी पूर्वी कधीही पाहिलेले नव्हते. ते काढल्याचे मात्र मला पुरते आठवत होते. आमची शिक्षिका मिस प्रूइट हिच्या काळ्या पेटीसारख्या कॅमेऱ्याचा खटका, सुतळीला येणारा गोणपाटाचा वास, आणि साबणाच्या खोक्यातून कापलेल्या त्या पुठ्ठ्याची मागची बाजू, जिच्यावर एका गोऱ्या बाईचा हसरा चेहरा अर्धा कापला गेला होता. तो चेहरा माझ्या पोटाकडे तोंड करून होता. छायाचित्रात तो दिसत नाही. तो मला एकट्यालाच ठाऊक आहे.

बाईंच्या टेबलावरील पेटीत मुलांनी लिहून दिलेल्या उत्तरांचा गठ्ठा होता. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला कळते. तथापि ते कागद दुसऱ्याचे आहेत की माझे, याविषयी त्या क्षणी माझ्या मनात संभ्रम होता. मी वाचू लागलो. ‘त्याला लाज वाटते.’ ‘त्याचा आवाज दाबला जातोय, म्हणून त्याने गळा धरलाय.’ ‘त्याला श्वास घेता येत नाही.’ यारेत्सी नावाच्या मुलीने लिहिले होते, ‘तो आतून पेटला आहे. एक दिवस तो यांना दाखवून देईल.’ अठ्ठावीस मुलांनी मला अठ्ठावीस प्रकारचे दुःख आणि संताप दिला होता. मी कागद मांडीवर ठेवून त्या आगीचा माझ्यात शोध घेतला. ज्याप्रमाणे माणूस खिसे चाचपून पाहतो, त्याप्रमाणे आतून चाचपून पाहिले. ती कुठेही नव्हती. मला जे आठवत होते ते इतके क्षुल्लक होते, की या मुलांसमोर ते ठेवण्याची शरम वाटावी.

मान वर केली तेव्हा समोरच्या फळ्यावर निळ्या अक्षरांत एक ओळखीचा शब्द दिसला. ‘मांदे? = हुकूम करा. धन्याला द्यायचे उत्तर. गुलामीचे अवशेष आपल्या तोंडात अजून का आहेत?’ आणि कोपऱ्यात लाल चौकटीत, माझ्यासाठी: ‘पुसू नये.’

आमच्या घरात हा स्पॅनिश शब्द पाण्याच्या माठासारखा होता. तो तेथे आहे हे कुणाच्या लक्षातही येत नसे. आई, एदुविहेस तिचे नाव, लाँड्रीत सदऱ्यांना इस्त्री करी आणि उरलेला वेळ आम्हा पाच भावंडांना वळण लावी. तिने हाक मारली आणि कुणी ‘काय?’ म्हटले, की ओला पंचा पाठीवर बसे. “काय काय करतोस? कावळा आहेस का? माणसाचं पोर आहेस ना? मग मांदे म्हण.” आम्ही म्हणत असू. अंगणातून, झाडावरून, संडासातून. तिची हाक आणि आमचे उत्तर यांचे मिळून एकच वाक्य होई. ती काही हुकूम करी असेही नाही. कित्येकदा उत्तर ऐकून ती नुसतीच म्हणे, “काही नाही रे. आहेस ना, तेवढंच बघितलं.”

मिस प्रूइटने पहिल्याच दिवशी माझे नाव बदलले होते. माझे नाव इलारिओ. लिहिताना त्याच्या आरंभी एच हे अक्षर असते जे आमच्या भाषेत मुके राहते. तिने त्याला बोलायला लावले तेव्हा वर्ग हसला, आणि मग सर्वांच्या सोयीसाठी मी लॅरी झालो. छायाचित्राच्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहत होतो. “लॅरी!” मला ऐकू आले, परंतु लॅरी म्हणजे मी, हे ध्यानात यायला मला नेहमी थोडा वेळ लागे. “लॅरी! झोपलास का?” मी दचकून उभा राहिलो, आणि बेसावध तोंडातून जे सर्वांत आधी निघते ते निघाले. माझ्यापाशी असलेला सर्वांत सभ्य शब्द मी तिला दिला. मी म्हणालो, “मांदे?”

ती दुष्ट नव्हती. हे लिहिणे मला आवश्यक वाटते. तिने उसासा टाकला आणि “अरेरे, आज तू का?” असे म्हणून कपाटातून स्पॅनिश बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा पुठ्ठा काढला. तो ‘चांगल्या इंग्रजीचा सप्ताह’ होता आणि वरिष्ठांना पाठवण्यासाठी तिला छायाचित्रे हवी होती. तिने मला फळ्याशी उभे केले. त्या वेळी या मुलास काय वाटले, हे मला ज्ञात आहे. त्याला वाटले, आपले छायाचित्र निघत आहे. आमच्या घरात तोवर मेलेल्यांचीच छायाचित्रे होती. आई सांगत असे, चांगल्या प्रसंगी वरचे बटण लावावे, उघड्या गळ्याने फिरतात ते उनाड. म्हणून मी हात वर नेला. बटण काजात जात नव्हते, कारण आदल्या दिवशीच तिने कॉलरला खळ दिली होती आणि ती पत्र्यासारखी ताठ झाली होती. दुसऱ्या हाताने मी पुठ्ठा खाली ढकलीत होतो, जेणेकरून कॉलर दिसावी. खटका वाजला. बटण राहिलेच.

घरी जाऊन मी आनंदाने सांगितले की माझे छायाचित्र निघाले. आईने हात पुसले. “खरंच? कधी देणार?” त्यानंतर आठवडाभर ती विचारत राहिली, “आलं का रे?” तोवर भावाने तिला पुठ्ठ्याबद्दल सांगू नये म्हणून मी त्याला माझा भोवरा देऊन बसलो होतो, आणि मला हळूहळू उमगू लागले होते की ते छायाचित्र तिने पाहिले तर ती विचारील, काय बोललास? आणि मला सांगावे लागेल की तू शिकवलेलेच बोललो. “खराब आलं,” मी म्हणालो. “तू हललास असशील,” ती म्हणाली. “तुझं अंगच स्थिर नाही.” त्यानंतर मी तो शब्द शाळेत उच्चारला नाही, हे उघड आहे. परंतु तोंड हे एकच असते. त्याला शाळेचे वेगळे आणि घरचे वेगळे असे मला राखता आले नाही. आई हाक मारी आणि मी उत्तर न देता तिच्यापुढे जाऊन उभा राही. “आले बघा साहेब! तोंडात गुळणी धरलीय का?” ‘काय?’ म्हणण्याचे धाडस नव्हते आणि दुसरे ओठांवर येत नव्हते. प्रथम तिने पंचा उगारला, मग थट्टा केली, आणि मग पुढे, कधीपासून ते मला सांगता येणार नाही, तिने मला हाक मारणेच सोडले. काम असले तर ती भावाला सांगे, “त्याला सांग.” सातवीत मी शाळा सोडून कापूस वेचायला गेलो; लग्न झाले, पत्नी गेली, मुलगी डॅलसला गेली. मुलीला मी आमची भाषा शिकवली नाही. तिच्या गळ्यात काही असू नये, एवढाच हेतू होता. आईच्या अखेरच्या आजारात मी अकरा दिवस तिच्या उशाशी बसलो होतो आणि आम्ही दोघे हवामानाविषयी बोललो.

कागद सापडला त्या मंगळवारी गठ्ठ्याखाली एक कोरा प्रश्नकागद शिल्लक होता. मी खिशातील पेन्सिल काढली. ग्रंथालयाने रद्दीत काढलेली पुस्तके मी वर्षानुवर्षे घरी नेऊन वाचली आहेत, त्यामुळे वाक्य कसे उभे करावे याची मला थोडीबहुत जाण आहे. मी नेटक्या अक्षरांत लिहिले: ‘हा मुलगा सदऱ्याचे वरचे बटण लावत आहे. त्याचे छायाचित्र याआधी कुणी काढलेले नाही. कॉलरला त्याच्या आईने काल खळ दिली आहे. हे छायाचित्र ती पाहील असे त्याला वाटते. तो जे बोलला ते उद्धट नव्हते.’ नाव लिहिले नाही. कागद गठ्ठ्याच्या मध्यभागी सरकवला, बाके सरळ केली, आणि फळ्यावरचे, सूचनेप्रमाणे, पुसले नाही.

बुधवारी तपासलेले कागद त्याच पेटीत होते. माझ्या कागदावर हिरव्या शाईत लिहिले होते: ‘कल्पना फार सुंदर! पण पुरावा कुठे आहे? हात गळ्याशी आहे. आवाज हिरावला जाण्याबद्दल आपण काय वाचलं ते आठव. आणि शेवटची ओळ कशावरून? पाचपैकी दोन. नाव लिहायला विसरू नकोस.’ मी ते तीनदा वाचले. शाळा सोडल्यापासून माझे कुणी काही तपासले नव्हते, म्हणून त्या हिरव्या अक्षरांकडे पाहताना अपमानाबरोबरच एक चमत्कारिक ऊबही वाटली, हे मी लपवणार नाही. परंतु पेटीशेजारी एक छापील पान होते. तोच चेहरा, तोच प्रश्न, आणि बाजूच्या चौकटीत तो शब्द, त्याच्या गुलामीच्या अर्थासह. वर लिहिले होते की हे पान येत्या सोमवारपासून दालनात लागेल आणि नव्या अभ्यासक्रमाबरोबर आसपासच्या सर्व शाळांत जाईल. म्हणजे माझ्या आईचे सर्वांत चांगले वळण हे धन्यासमोर वाकणे होते, असे हजारो मुले पाठ करणार होती, आणि तेही माझ्याच चेहऱ्याशेजारी. ती रात्र कशी गेली याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. सकाळी मी ठरवले होते.

त्या वर्गाच्या सित्लाली बारिएन्तोसबाई तीस-एकतीस वर्षांच्या आहेत. त्यांनी ऑस्टिनला उच्च शिक्षण घेतले आहे आणि हा अभ्यासक्रम शाळेत यावा म्हणून दोन वर्षे बैठकांतून भांडल्या आहेत. शाळेत मला काका म्हणणाऱ्या त्या पहिल्या. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी खोलीच्या दाराशी उभा राहिलो.

“या ना काका. दिवा गेलाय का परत?”

“दिवा नाही, बाई. तुमच्या त्या चित्रातला मुलगा मी आहे.”

त्या हसल्या, मग थांबल्या. पान उचलून त्यांनी माझ्या चेहऱ्याजवळ धरले. “आई शप्पथ,” त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. “काका! एकतीस वर्षं तुम्ही इथे... आणि आम्ही अज्ञात, अज्ञात करत बसलोय!” त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला, मग फोन काढला, मग तो पुन्हा ठेवला. “तुम्ही वर्गात बोलाल? प्लीज. हेच तर मी पोरांना सांगते, ज्ञान पुस्तकातच असतं असं नाही, ते आपल्या स्वयंपाकघरातही असतं.”

“बोलेन,” मी म्हणालो. “पण तो शब्द काढा.”

“कुठला?”

मी फळ्याकडे बोट केले. “त्यासाठीच पुठ्ठा होता. आणि तोही आमच्या स्वयंपाकघरातलाच आहे, बाई.”

मी त्यांना सर्व सांगितले. बटणाचेही. तेव्हा त्यांनी पटकन पेटीतील गठ्ठा चाळला, माझा कागद काढला, हिरवी अक्षरे पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. “देवा. मी तुम्हाला दोन दिले.” नंतर त्या बोलू लागल्या, आणि त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. “काका, माझे आजोबा ना, कापसावरच होते, उत्तरेकडे. मालकाची गाडी आली की हातात टोपी घेऊन धावायचे. मांदे, धनी. मांदे, धनी. त्या पोराला, मालकाच्या पोराला पण. ते पोर बारा वर्षांचं! मी बघितलंय. तो शब्द ऐकला की मला अजून छातीत कळ येते. मी कसा चांगला म्हणू त्याला?”

त्यांच्या आजोबांना मी पाहिले नव्हते, परंतु हातात टोपी घेऊन धावणारी माणसे मी पाहिली होती. मीही एक-दोनदा धावलो असेन. शब्द तोच. एका घरात तो आईला द्यायचा होता आणि दुसऱ्या घरात धन्याला. आम्ही दोघे त्या शब्दाच्या दोन टोकांना उभे होतो, आणि त्यांचे टोक खोटे आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. माझे खरे आहे असे म्हणणारेही माझ्याखेरीज कुणी जिवंत नव्हते.

“दोन्ही लिहू,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमचं पण, माझं पण. मी अभ्यासक्रम समितीच्या ओलिवारेस साहेबांशी बोलते.”

शुक्रवारी मी वर्गात बोललो. सकाळी वरचे बटण लावले, मग मुलांना नाटकी वाटेल म्हणून काढले. मी छायाचित्राविषयी सांगितले तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, “म्हणजे काका, तुम्ही तेव्हापासूनच एवढे टापटीप!” आणि सगळे हसले, मीही हसलो. यारेत्सीने हात वर केला.

“पण राग नाही आला?”

“नाही.”

“थोडासुद्धा? नंतर?”

“नंतर भीती वाटली, आई पाहील म्हणून.”

यारेत्सीने मला दिलेली आग मी परत करत होतो आणि ती घ्यायला तिच्यापाशी जागा नव्हती. “त्या वयात कळत नाही ना, आपल्यावर काय होतंय ते,” शेजारची मुलगी तिला समजावत म्हणाली, आणि अनेकांनी माना डोलावल्या. मलाही क्षणभर वाटले की तसेच असेल. इतक्या जणांना कळते आहे ते मलाच कळत नसेल. बाई घाईने म्हणाल्या, “काका म्हणतायत ते आधी ऐकून घ्या,” परंतु तेवढ्यात घंटा झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी प्रत्येकाने माझ्याशी हात मिळवला. मग मी बाके सरळ केली, कारण ते काम माझेच होते.

सोमवारी सकाळी तयार फलक आला. अशा वस्तू भिंतीवर लावणे हे माझ्या कामात येते. बारिएन्तोसबाई सोबत आल्या होत्या आणि माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. “ओलिवारेस साहेब म्हणाले, एकाच शब्दाबद्दल दोन मतं आहेत ना, मग वाद कशाला? सगळ्या शाळांत जाणार आहे. कुणाला दुखवायला नको.” मी फलकावरचे कागदी वेष्टन काढले. चित्राखाली आता ‘इलारिओ कान्तू, वय नऊ’ असे सुबक अक्षरांत होते. बाजूची चौकट नव्हती. तेथील मजकूर सरकून जागा भरून निघाली होती. तेथे कधी काही होते असे जाणवण्याइतकीही फट राहिलेली नव्हती. प्रश्न तसाच होता.

“मी खूप सांगितलं हो त्यांना,” त्या म्हणाल्या. “निदान गुलामीचं तरी गेलं. बरं झालं ना तेवढं?”

“बरं झालं, बाई,” मी म्हणालो. त्या खरोखरच भांडल्या असतील. मी भिंतीत चार छिद्रे पाडली, फलक समपातळीत आहे हे दोनदा पाहिले आणि स्क्रू आवळले.

शाळा सुटल्यावर दालन रिकामे झाले. फलकाखाली भिंतीचा पांढरा भुगा पडला होता, तो मी ओल्या फडक्याने पुसत होतो. यारेत्सी बॅग पोटाशी धरून उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही.

“काका, एक विचारू? हसू नका हां.”

“विचार.”

“मागच्या आठवड्यात घरी आजीने हाक मारली ना, तेव्हा मी तिला तो शब्द समजावून सांगितला. म्हटलं, आजी, तू आम्हाला जे म्हणायला लावायचीस ना, ते गुलामांचं आहे, बाईंनी सांगितलंय. तर ती काहीच बोलली नाही. नेहमी किती बडबडते! आता जेवायला वाढते आणि खोलीत जाऊन बसते. सहा दिवस झाले. हाक पण मारत नाही.” तिने फलकाकडे पाहिले. “मला वाटलं, यावर काहीतरी लिहिलेलं असेल. काय करायचं ते.”

मी फडके बादलीत टाकले. सहा दिवस. सहा दिवस म्हणजे काहीच नव्हे, हे मला या जगात कुणाहीपेक्षा अधिक निश्चितपणे ठाऊक होते, आणि ते किती वेगाने वाढत जातात हेही.

“ती हाक मारेल याची वाट बघू नकोस,” मी म्हणालो. “ती नाही मारणार. आजच जा, तिच्या दाराशी उभी राहा आणि तिने हाक मारलीच आहे असं समजून उत्तर दे.”

“हाक न मारताच? वेडी म्हणेल मला.”

“म्हणू दे. निदान बोलेल तरी.”

तिने आजूबाजूला पाहिले आणि शब्द हळूच म्हणून दाखवला. तिच्या तोंडी तो इंग्रजी होऊन आला. शेवटचा स्वर ओढला गेला, मधला नाकात अडकला. मी म्हणालो, असा नव्हे, आखूड. तिने पुन्हा म्हटला. मी म्हणालो, प्रश्नासारखा, पण घाबरल्यासारखा नको. तू तिला सांगते आहेस की तू आहेस. तिने पुन्हा म्हटला. सत्तावन्न वर्षांनंतर मी तो शब्द माझ्या तोंडाने एकदा म्हणून दाखवला, केवळ उच्चारासाठी, आणि चौथ्या वेळी तिला तो साधला.

“आला,” मी म्हणालो. “आता पळ, नाही तर वाटेत विसरशील.”

ती खरोखरच पळाली. तिच्या बुटांचा आवाज दालनाच्या टोकापर्यंत गेला, दार उघडून मिटले. मी बादली उचलली. तिला हाक मारणारे माणूस घरी होते.